फुकटची फाईल-सेवा : विश्वास कोणावर आणि किती?

आपल्या कोहमारा, सडक अर्जुनी परिसरातून उच्च शिक्षणासाठी मुले-मुली गोंदिया, नागपूर, पुणे अशा ठिकाणी जातात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अशा विद्यार्थ्याच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी एक प्लास्टिकची फाईल असे. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला असा सारा ऐवज तिच्यात जपून ठेवलेला असे. एखादा कागद घरी राहून गेला तर वडील एस.टी.ने तो घेऊन जात, नाहीतर ओळखीच्या प्रवाशाच्या हाती देत. आज हेच काम दोन मिनिटांत होते. कागदाचा फोटो काढायचा, इंटरनेटवरील एखाद्या फुकट सेवेवर चढवायचा आणि मिळालेली लिंक पाठवून द्यायची. भाडे वाचते, दिवस वाचतो. ही सोय मोठी आहे आणि ती नाकारण्याचे काही कारण नाही.

परंतु प्रवाशाच्या हाती कागद देताना आपण 'तू कोणाचा, कुठे उतरणार, कोणाला देणार' एवढे तरी विचारत होतो. फुकटच्या सेवेला मात्र आपण काहीच विचारत नाही. 'सगळेच वापरतात' हे एकच उत्तर आपल्याला पुरते. प्रस्तुत लेखात तिला कोणते प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे सामान्य माणसाला कशी शोधता येतात, एवढेच सांगण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. बँकेच्या काउंटरवर जी साधी पडताळणी रोज करावी लागते, तीच येथेही उपयोगी पडते.

पणाला काय लागते?

प्रथम आपण काय पाठवतो ते पाहू. लग्नाचे फोटो किंवा भीमजयंतीच्या मिरवणुकीची चित्रफीत असेल तर फारशी चिंता नाही. पण आपल्या घरांतून जाणाऱ्या फाईली बहुधा वेगळ्या असतात. शिष्यवृत्तीसाठी आधार कार्ड, बँकेचे पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि सही असलेला अर्ज हे सारे एकत्र जाते. जात वैधता प्रमाणपत्राच्या प्रकरणात तर त्याहून जुने कागद लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची आहे. त्या तारखेपूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजोबा-पणजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यांच्याकडे दाखल-खारीजचा उतारा कोठून येणार? अशा घरी कोतवाल पंजीची एखादी नक्कल किंवा महसुली कागद हाच सारा आधार असतो. त्या एका कागदावर भावंडांची आणि चुलत भावंडांची प्रकरणे उभी राहतात.

अशा कागदावर दोन संकटे येऊ शकतात आणि ती वेगवेगळी आहेत. एक म्हणजे कागद हरवणे, दुसरे म्हणजे तो भलत्याच्या हाती पडणे. हरवलेल्या कागदाची नक्कल हेलपाटे मारून का होईना, बहुतेक वेळा पुन्हा काढता येते. परंतु आधार, पासबुक आणि सही हे तिन्ही एकदा फुटले की ते परत घेता येत नाहीत. कोणाच्या संगणकात किती प्रती झाल्या हे आपल्याला कधीच कळत नाही. म्हणून कोणत्याही सेवेचा विचार करताना 'येथे माझी फाईल टिकेल का?' आणि 'येथे माझी फाईल झाकलेली राहील का?' हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. पहिल्यात उत्तीर्ण झालेली सेवा दुसऱ्यात नापास होऊ शकते.

लिंक म्हणजे बेअरर चेक

या सेवा चालतात कशा, हे समजून घेतले म्हणजे पुढचे सोपे होते. आपण फाईल चढवतो तेव्हा ती त्या कंपनीच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, जाऊन बसते. कंपनी आपल्याला एक लांबलचक पत्ता देते, तीच लिंक. तो पत्ता ज्याच्याकडे असेल त्याला फाईल मिळते. अनेक सेवांत उघडणाऱ्याचे नाव-गाव विचारलेच जात नाही.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर अशी लिंक म्हणजे बेअरर चेक होय. जो घेऊन येईल त्याला पैसे. आपण तो भावाच्या नावे लिहिला असला तरी वाटेत पडला आणि दुसऱ्याने उचलला तर काउंटरवर तोच उभा राहू शकतो. चेकवर दोन आडव्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिले की पैसे त्याच माणसाच्या खात्यात जातात. फाईल-सेवेतही अशा रेघा मारण्याची सोय असते. काही ठिकाणी लिंकला पासवर्ड लावता येतो. गूगल ड्राइव्हमध्ये 'लिंक असलेला कोणीही' याऐवजी ठरावीक ई-मेल पत्त्यालाच परवानगी देता येते. ज्या सेवेत अशी सोयच नाही, ती बेअरर चेकपुरतीच वापरावी. म्हणजे रक्कम लहान असेल, गेली तरी चालेल, तेव्हाच.

चालवतो कोण आणि खर्च कोण देतो?

आता पडताळणीकडे वळू. नवीन खाते उघडताना बँक ग्राहकाची ओळख मागते. येथे आपण ग्राहक आहोत, तेव्हा ओळख आपण मागायची. सेवेच्या पानाच्या तळाशी जाऊन पाहावे. कंपनीचे पूर्ण नाव, देश आणि पत्ता दिला आहे का? अटी आणि खासगीपणाचे धोरण आहे का? तक्रार कोठे करायची ते लिहिले आहे का? 'आमच्याशी संपर्क साधा' यावर बोट ठेवल्यावर नुसता रिकामा अर्ज उघडत असेल आणि कंपनीचे नावच कोठे सापडत नसेल, तर पुढे जाण्याची गरज नाही. निनावी माणसाकडे कोणी ठेव ठेवत नाही. संकेतस्थळाचा पत्ता केव्हा नोंदला गेला, हेही इंटरनेटवर 'हू इज' नावाच्या नोंदीत फुकट पाहता येते. दोन महिन्यांपूर्वी नोंदलेले स्थळ स्वतःला लाखो लोकांच्या विश्वासाचे म्हणवून घेत असेल तर काय समजायचे ते समजावे.

दुसरा प्रश्न पैशाचा. सर्व्हर, वीज, नोकरवर्ग यांना पैसे लागतात. आपण ते देत नाही, तर देतो कोण? याची चार उत्तरे संभवतात.

१. थोडी जागा फुकट देऊन अधिक जागेसाठी पैसे घेणे. हा सरळ व्यवहार आहे. गूगल १५ जीबी, मायक्रोसॉफ्टची वनड्राइव्ह ५ जीबी आणि ड्रॉपबॉक्स २ जीबी फुकट देते. त्यापुढे मासिक शुल्क आहे.

२. जाहिराती. पानावर तीन-चार 'डाउनलोड' बटणे असतात, त्यांतील एकच खरे आणि उरलेली जाहिरातीची असतात. चुकीच्या बटणावर बोट पडले की भलतेच काही फोनमध्ये उतरते.

३. आपली माहिती. कोण, कोठून, काय पाठवतो याची नोंद करून ती इतरांना विकणे.

४. उघड फसवणूक. सेवा हे निमित्त, हेतू फाईल चोरण्याचा किंवा फोनमध्ये घुसण्याचा.

मोठमोठ्या कंपन्या जेथे २ ते १५ जीबी देताना हात आखडतात, तेथे एखादी अनोळखी सेवा हजार जीबी फुकट देऊ करते, तेव्हा वरील चारांपैकी कोणते उत्तर तिला लागू पडते ते शोधावे. उत्तर मिळाले नाही तर पहिले उत्तर गृहीत धरू नये.

इतिहास काय सांगतो?

माणसाची पारख अडचणीच्या वेळी होते. सेवेचीही तशीच होते. गेल्या काही वर्षांतील घटना क्रमाने पाहिल्यास पुष्कळ बोध होतो.

मेगाअपलोड ही हाँगकाँगमध्ये नोंदलेली फाईल-सेवा एके काळी जगभर प्रसिद्ध होती. चित्रपटांच्या चोरट्या प्रतींच्या आरोपावरून अमेरिकन सरकारने १९ जानेवारी २०१२ रोजी ती बंद केली. ज्यांनी तेथे स्वतःच्याच कामाच्या फाईली ठेवल्या होत्या, त्यांनाही त्या मिळेनाशा झाल्या. दोष दुसऱ्याचा आणि कुलूप सर्वांनाच!

वीट्रान्सफर ही नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम येथे २००९ मध्ये सुरू झालेली सेवा. नाव-पत्ता असलेली, चांगली चाललेली. तरीही जून २०१९ मध्ये तिच्याकडून काही फाईलींच्या लिंक भलत्याच ई-मेल पत्त्यांवर गेल्या आणि कंपनीला ते कबूल करावे लागले. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात, लोक घरून काम करीत असताना, भारताच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना हे संकेतस्थळ अडवण्याचा आदेश दिला. ज्यांच्या फाईली त्या क्षणी वाटेत होत्या ते अडकले. २०२४ मध्ये ही कंपनी इटलीतील दुसऱ्या एका कंपनीने विकत घेतली. जुलै २०२५ मध्ये तिच्या नव्या अटींत, वापरणाऱ्यांचा मजकूर संगणकीय बुद्धिमत्ता सुधारण्यासाठी वापरता येईल असा अर्थ निघणारे वाक्य आले. जगभर ओरड झाली, तेव्हा ते वाक्य काढण्यात आले आणि आम्ही फाईलींचा असा वापर करीत नाही, असा खुलासा कंपनीने केला. सेवा वाईट आहे असे ठरवण्यासाठी हे सांगत नाही. चूक कबूल करणे आणि वाक्य मागे घेणे हे तिच्या बाजूचेच मुद्दे आहेत. बोध इतकाच की चांगल्या नावालाही चूक होते, मालक बदलतो, अटी बदलतात आणि सरकारी आदेशाने वाटही बंद होते.

फायरफॉक्स हा ब्राऊझर बनवणाऱ्या मोझिला या संस्थेने मार्च २०१९ मध्ये 'फायरफॉक्स सेंड' नावाची उत्तम सेवा फुकट सुरू केली. गुन्हेगारांनी घातक फाईली पाठवण्यासाठी तिचा गैरवापर सुरू केल्यामुळे जुलै २०२० मध्ये ती थांबवण्यात आली आणि सप्टेंबरमध्ये कायमची बंद झाली. हेतू शुद्ध असूनही दीड वर्षात सेवा संपली.

यावरून एक गोष्ट मनाशी पक्की करावी. फुकटची फाईल-सेवा ही वाहतुकीची गाडी आहे, घरचे कपाट नव्हे. बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. दहा वर्षे खात्याला हात लावला नाही तरी पैसे बुडत नाहीत. ते रिझर्व्ह बँकेच्या विशेष निधीत जातात आणि वारसालाही मागता येतात. फाईलींना असे संरक्षण नाही. गूगलसारख्या कंपनीनेही दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती, त्यांतील फोटो आणि कागदांसह, काढून टाकण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. गाडीतून माल न्यावा आणि उतरवून घ्यावा. तिच्यात संसार थाटू नये.

कुलूप दिसले म्हणजे झाले का?

संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी छोटे कुलूप दिसले की स्थळ खरे, असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. हा समज अपुरा आहे. त्या कुलपाचा अर्थ इतकाच की आपला फोन आणि ते स्थळ यांमधील रस्ता झाकलेला आहे. रस्त्याच्या टोकाला सावकार बसला आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. चोराच्या दुकानालाही ते कुलूप सहज मिळते. लोकांचा हा गैरसमज होतो म्हणूनच गूगलने २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राऊझरमधून कुलपाचे चिन्ह काढून टाकले.

'तुमची फाईल एन्क्रिप्टेड आहे' ही जाहिरातही नीट वाचावी. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक बँकेकडे, एक ग्राहकाकडे. ग्राहकाच्या किल्लीशिवाय बँकेच्या माणसालाही तो उघडता येत नाही. अनेक फाईल-सेवांमध्ये मात्र फाईल कुलूपबंद असली तरी किल्ली कंपनीकडेच असते. ज्या सेवेत किल्ली फक्त पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे असते, तिला 'एंड-टू-एंड' म्हणतात. व्हॉट्सॲपचे संदेश याच पद्धतीचे आहेत. परंतु तेथेही फाईल पोचल्यावर ती समोरच्याच्या फोनमध्ये उघडीच पडून राहते, हे विसरू नये.

यावर आपल्या हातातला उपाय म्हणजे फाईल पाठवण्यापूर्वी आपणच तिला कुलूप लावणे. संगणकावर सेव्हन-झिप हा फुकट प्रोग्राम आहे, त्याने फाईलला पासवर्ड लावता येतो. लिंक एका वाटेने पाठवावी आणि पासवर्ड फोनवर बोलून सांगावा. दोन्ही एकाच संदेशात पाठवणे म्हणजे कुलपालाच किल्ली बांधून ठेवणे. नाव आणि जन्मवर्ष असा पासवर्डही ठेवू नये. ई-आधारच्या फाईलीचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा असतो, हे प्रत्येक ऑनलाइन सेंटरवाल्याला पाठ आहे.

घरच्या घरी परीक्षा

नवी सेवा वापरण्यापूर्वी तिची परीक्षा घेण्याची एक सोपी रीत आहे. तिला अर्धा तास पुरतो.

१. ज्यात काहीच खासगी नाही अशी फाईल घ्यावी. शेताच्या बांधाचा किंवा झाडाचा फोटो चालेल.

२. ती चढवताना सेवा काय मागते ते पाहावे. एका फोटोसाठी ती मोबाइल क्रमांक, संपर्क यादी किंवा ॲप उतरवण्याचा आग्रह करीत असेल तर तेथेच थांबावे.

३. मिळालेली लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडावी. काहीही न विचारता फाईल उघडली तर तो बेअरर चेक आहे, हे ध्यानात ठेवावे.

४. उतरलेली फाईल तीच आहे का, आणि तिच्या नावाच्या शेवटी नवे काही जोडले गेले आहे का, ते पाहावे. फोटो पाठवला आणि 'एपीके' किंवा 'ईएक्सई' असा शेवट असलेली फाईल आली, तर ती उघडू नये.

५. आता फाईल काढून टाकावी आणि तीच लिंक पुन्हा उघडावी. काढून टाकण्याची सोयच नसेल, किंवा काढल्यावरही फाईल उघडत असेल, तर ती सेवा आपल्या कागदांच्या लायकीची नाही.

६. किती दिवसांनी फाईल आपोआप नाहीशी होते असे लिहिले आहे, ते टिपून ठेवावे आणि त्या दिवसानंतर लिंक पुन्हा उघडून पाहावी. सांगितलेले आणि घडलेले जुळते का, हेच प्रामाणिकपणाचे माप.

लिंकबद्दल शंका असल्यास व्हायरसटोटल या संकेतस्थळावर तिचा पत्ता टाकून तपासता येते. अनेक विषाणू-शोधकांचे मत तेथे एकाच वेळी मिळते. मात्र तेथे आपले दाखले, आधार वगैरे चढवू नयेत. कारण तेथे दिलेल्या फाईली तपासणीसाठी इतर संस्थांनाही उपलब्ध होतात.

फाईल लहान करणारी दुकाने

शिष्यवृत्तीच्या अर्जात ठरावीक आकारापेक्षा मोठी फाईल चालत नाही. मग मुले 'पीडीएफ लहान करा' असे शोधतात आणि जे पान पहिले उघडेल त्यावर जात प्रमाणपत्र चढवून मोकळी होतात. आपण फाईल कोणाला पाठवतो आहोत असे तेव्हा वाटतच नाही. प्रत्यक्षात ती अनोळखी माणसाच्या हाती दिलेलीच असते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या डेन्व्हर कार्यालयाने नेमक्या अशाच फुकट फाईल बदलून देणाऱ्या स्थळांविषयी इशारा दिला. काही स्थळे काम करून देतात, पण परत मिळालेल्या फाईलीबरोबर घातक प्रोग्राम देतात किंवा चढवलेल्या कागदांतून क्रमांक आणि पासवर्ड उचलतात, असा तो इशारा होता. त्यापेक्षा फोटो काढतानाच आकार लहान ठेवावा, किंवा संगणकात असलेल्या प्रोग्रामनेच, इंटरनेटशिवाय, हे काम करावे.

फोनमधील ॲप आणि 'एपीके'

एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये गाणी, चित्रपट देण्यासाठी शेअरइट आणि झेंडर ही ॲप गावोगावी होती. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत ही दोन्ही होती. कागद स्कॅन करणारे कॅमस्कॅनरही होते. त्यापूर्वी ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला कॅमस्कॅनरच्या अँड्रॉइड आवृत्तीत घातक भाग आढळला होता आणि गूगलने ते काही काळ प्ले स्टोअरवरून काढले होते. बंदी आली तरी अशा ॲपच्या प्रती इकडून-तिकडून आणून फोनमध्ये टाकण्याची सवय अजून आहे. ती सोडावी. शेजारच्या फोनला फाईल द्यायची असल्यास अँड्रॉइड फोनमध्ये असलेले 'क्विक शेअर' पुरेसे आहे.

'एपीके' म्हणजे ॲप बसवण्याची फाईल. ती कागद किंवा फोटो कधीच नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच राज्यात, हिंगोली येथे, एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण म्हणून आलेल्या अशाच फाईलीमुळे सुमारे १ लाख ९० हजार रुपये गमवावे लागले. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, बँकेचे केवायसी या नावाने आलेली एपीके फाईल कोणाकडूनही आली तरी उघडू नये. ओळखीच्या क्रमांकावरून आली असली तरी आधी फोन करून विचारावे. बँकांसाठी तर रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन' असा स्वतंत्र पत्ता ठरवून दिला असून त्याकडे जाण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. बँक कधीही एपीके पाठवीत नाही.

कोणता कागद कोणत्या वाटेने?

गुणपत्रिका, आधार, पॅन यांसाठी डिजिलॉकर ही केंद्र सरकारची सोय १ जुलै २०१५ पासून आहे. तिचा पत्ता 'गव्ह डॉट इन' असा संपतो. येथे एक भेद महत्त्वाचा आहे. संबंधित खात्याने डिजिलॉकरमध्ये जारी केलेला कागद नियमानुसार मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो. आपण स्वतः स्कॅन करून तेथे चढवलेल्या कागदाला तो दर्जा नाही. तेव्हा आजोबांच्या कोतवाल पंजीच्या नकलेचा फोटो तेथे ठेवला म्हणून मूळ नक्कल टाकून देऊ नये.

आधार जेथे केवळ ओळखीसाठी द्यायचे असेल आणि चालत असेल तेथे 'मास्क्ड आधार' द्यावे. त्यात शेवटचे चार अंकच दिसतात. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते फुकट मिळते. जुन्या पुराव्याच्या कागदांची एक चांगली प्रत पेन ड्राइव्हमध्ये, एक दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी आणि मूळ कागद पत्र्याच्या पेटीत असावा. लग्नाचे फोटो, सांस्कृतिक कार्यक्रमाच्या चित्रफिती, प्रश्नपत्रिका यांसाठी नाव-पत्ता असलेली कोणतीही फुकट सेवा चालेल.

झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात अर्ज भरून झाल्यावर उठण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. डाउनलोडमधील आपल्या फाईली काढून टाकाव्यात, कचरापेटीही रिकामी करावी आणि आपले व्हॉट्सॲप व ई-मेल त्या संगणकावरून बंद करावे. दुकानदार ओळखीचा असला तरी हे करावे. बँकेत ओळखीच्या ग्राहकाचीही सही पडताळतात, त्यात कोणी अपमान मानत नाही.

फाईल फुटल्याचे कळल्यास

पैसे गेले किंवा खात्यात हालचाल दिसली तर पहिल्याच तासात १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. आधारचे बायोमेट्रिक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून बंद करून ठेवता येते. लिंक काढून टाकावी, पासवर्ड बदलावेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. कायदा आपल्या बाजूने उभा राहतो ही समाधानाची गोष्ट आहे. पण ज्या सेवेचे नाव-गावच नाही, तिच्यावर कायद्याने बोट ठेवायचे कोठे? म्हणून आधीची पडताळणीच अधिक कामाची. मुलाकडून चूक झाली तर त्याला रागावून गप्प बसवू नये. भीतीने लपवलेली गोष्ट दोन दिवसांनी कळते आणि तोवर खाते रिकामे झालेले असते.

संस्थेपुढे एक सूचना

हे सारे प्रत्येक घराने एकेकट्याने करावे, असे म्हणणे सोपे असले तरी पुरेसे नाही. ज्या घरात पहिलाच मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जात आहे, तेथे हे सांगणार कोण? दरवर्षी प्रवेशाच्या हंगामापूर्वी, जून महिन्यातील एखाद्या रविवारी, आपल्या संस्थेने विहारात एक संगणक, एक स्कॅनर आणि दोन-तीन जाणकार तरुण बसवावेत. त्यांनी मुलांचे कागद योग्य आकारात स्कॅन करून मुलांच्याच पेन ड्राइव्हमध्ये द्यावेत, डिजिलॉकर उघडून द्यावे आणि संध्याकाळी संस्थेच्या संगणकातील सर्व प्रती पालकांसमोर काढून टाकाव्यात. हा शेवटचा नियम फार महत्त्वाचा आहे. दुसऱ्यांकडून जी शिस्त मागायची, ती आधी आपल्या टेबलावर दिसली पाहिजे. खर्च थोडा आहे आणि माणसे आपल्यातच आहेत.

आपल्या आधीच्या पिढीने हे दाखले मिळवण्यासाठी तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, मजुरी बुडवली, अनेकांनी सही येत नसताना अंगठे दिले. ते कागद आज आपल्या मुलांच्या फोनमध्ये आहेत. ते कोणाच्या हाती द्यायचे, हा निर्णय 'सगळेच वापरतात' या दोन शब्दांवर सोडू नये. विद्यार्थी मित्रांनी नाव विचारावे, पैसे कोण देतो ते विचारावे, झाडाच्या फोटोने परीक्षा घ्यावी आणि मगच आपला कागद सोपवावा, एवढीच विनंती.